शास्त्रज्ञ जगातल्या ‘दोन टक्क्यां’त, पण आपल्या चोपण रानाचं काय? पेपर, सायटेशन आणि शेतकऱ्याचा खिसा

बारामती/इंदापूर : दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर आला की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच छापाच्या पाच-सहा प्रेसनोट येऊन पडतात. नाव वेगळं, फोटो वेगळा, मजकूर तोच. ‘स्टॅनफोर्ड विद्यापीठाच्या जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत अमुक सरांचा समावेश.’ सोबत शाल-श्रीफळाचा फोटो. मीही इमानदारीनं बातमी लावतो. आपल्या भागातला माणूस जगाच्या यादीत गेला म्हटल्यावर कुणालाही बरंच वाटणार.

मागच्या वेळी बातमी लावली आणि तासाभरात भावकीतल्या एका पोराचा फोन आला. म्हणाला, “तात्या, दोन टक्के म्हणजे नेमकं काय ओ? आणि ह्यांनी शोध कशाचा लावलाय?” मला सांगता येईना. बातमी मी दिलेली, आणि अर्थ मलाच ठाऊक नाही. फोन ठेवला, पण ते डोक्यातनं जाईना. कारण ‘पेपर’ आणि ‘सायटेशन’ या दोन शब्दांपायी माझे स्वतःचे पैसे गेले होते.

माझं दीड एकर रान कालव्याच्या खालच्या अंगाला आहे. चोपण. पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल, उन्हाळ्यात वर पांढरी खपली. दोन वर्षांमागं एक जण दारात आला. क्षार काढणारं पातळ औषध विकत होता. हातात रंगीत छापलेला इंग्रजी कागद. “हे बघा, आंतरराष्ट्रीय जर्नलला छापून आलंय. ज्या डॉक्टरांनी हे काढलं त्यांचे दीडशे पेपर आहेत.” दीडशे पेपर म्हटल्यावर मी गप्पच झालो. आपलं शिक्षण बारावी, त्याच्यापुढं काय बोलणार? नऊ हजार रुपये मोजले, दोनदा पाण्यातनं सोडलं. ऊस होता तसाच पिवळा राहिला.

थोरली पोरगी कृषी महाविद्यालयात शिकते. दिवाळीला घरी आल्यावर तिनं तो कागद बघितला, मोबाईलवर मूळ पेपर काढला आणि अर्ध्या तासात मला चार गोष्टी सांगितल्या. प्रयोग रानात झालेलाच नव्हता, कुंडीत झाला होता. पंचेचाळीस दिवसांचा. पीक मका. आणि त्या पेपरचा दाखला अकरा जणांनी दिला होता, त्यातले नऊ वेळा त्याच लेखकांनी स्वतःच.

“बाबा, कुंडीच्या बुडाला भोक असतंय,” ती म्हणाली. “तुमच्या रानाच्या बुडाला आहे का?”

एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. पण आधी पेपर आणि सायटेशनचा हा कारभार काय आहे तो समजून घेऊ, कारण आता प्रत्येक औषध, प्रत्येक यंत्र आणि प्रत्येक ॲप याच कागदाच्या जोरावर आपल्या दारात येणार आहे.

पेपर म्हणजे काय, सायटेशन म्हणजे काय

शास्त्रज्ञानं प्रयोग केला की तो कसा केला, कुठं केला, काय मिळालं हे सगळं लिहून एखाद्या शास्त्रीय मासिकाकडं पाठवतो. त्या विषयातले दुसरे जाणकार ते तपासतात, चुका काढतात. मग ते छापून येतं. हा झाला पेपर, म्हणजे शोधनिबंध. पुढं दुसऱ्या कुणी त्याच विषयावर लिहिताना ‘हे आधी अमक्यानं दाखवलंय’ असा दाखला दिला की तो झाला सायटेशन. बैठकीत आपण म्हणतो ना, ‘हे म्हातारबा आधीच बोलले होते’, तसंच. ज्याचं नाव जास्त वेळा निघतं, त्याचं वजन जास्त.

हे दाखले मोजायची पद्धत अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड या माणसानं बसवली. कल्पना १९५५ ची, आणि दाखल्यांची पहिली मोठी सूची १९६४ ला निघाली. त्यांचा हेतू साधा होता, एका विषयावरचं लिखाण शोधायला सोपं जावं. पुढं त्याच सूचीवरनं माणसांचं आणि मासिकांचं मोजमाप सुरू झालं. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा शब्द ऐकला असेल. तो मासिकाचा असतो, शास्त्रज्ञाचा नसतो. मोठ्या मासिकात छापलेला पेपरही कुणी विचारत नाही असं होतं.

मग २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं ‘एच-इंडेक्स’ काढला. हा गोठ्याच्या भाषेत सांगतो. समजा गोठ्यात बारा गाई आहेत. त्यातल्या आठ गाई प्रत्येकी आठ लिटर किंवा जास्त दूध देतात, पण नऊ लिटरच्या वरच्या नऊ गाई भरत नाहीत. तर तुमच्या गोठ्याचा एच-इंडेक्स आठ. एखादी गाय तीस लिटर देत असली तरी आठच, आणि चार भाकड गाई नुसत्या दाव्याला बांधल्या असल्या तरी आठच. गाईच्या जागी पेपर धरा आणि लिटरच्या जागी दाखले. नुसती पेपरची संख्या सांगणाऱ्यापेक्षा हा आकडा बरा, पण शेवटी आकडाच.

आता ती दोन टक्क्यांची यादी. स्टॅनफोर्डमधले प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी ती तयार करतात. आकडे एल्सव्हिअर कंपनीच्या ‘स्कोपस’ या साठ्यातले. २०१९ पासून ती निघते. तो विद्यापीठानं दिलेला पुरस्कार नाही, की कुणी येऊन केलेली तपासणी नाही. कॉम्प्युटरनं दाखल्यांवरनं लावलेला क्रम आहे. त्यात दोन तक्ते असतात, एक पूर्ण कारकिर्दीचा आणि एक फक्त एका वर्षाचा. प्रेसनोटमध्ये यातला कोणता ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. यंदा मी विचारणार आहे. त्या यादीत स्वतःचेच दाखले स्वतः किती दिले याचाही रकाना असतो. तो रकाना प्रेसनोटमध्ये मी तरी आजवर पाहिला नाही.

नावं येतात ती मेहनतीनंच येतात, उगाच कुणाचं मोठेपण कमी करायचं नाही. पण जिथं पगार, बढती आणि मान आकड्यावर ठरतो तिथं आकडा फुगवणारेही निघतात. हे आपल्या पुण्यातच उघड झालं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये एक तपासणी छापली. यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांनी शिफारस करून घातलेली १००९ मासिकं त्यांनी तपासली. त्यातली ८८ टक्के सुमार दर्जाची निघाली. काहींचा पत्ता खोटा, काहींचा संपादकच सापडेना. पैसे भरा, पेपर छापा. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं ४३०५ मासिकं यादीतनं काढून टाकली. पुढं ‘केअर’ नावाची नवी यादी केली, तीही २०२५ मध्ये बंद केली आणि पारख करायचं काम संस्थांवर सोपवलं. म्हणजे आता तर आपल्यालाच डोळे उघडे ठेवायला लागणार.

ज्याचा दाखला कुणी देत नाही

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच आहे. दाखले कुणाला जास्त मिळतात? ज्याचा विषय जगभर चालतो त्याला. भाताच्या जनुकावर पेपर लिहिला तर चीनपासून अमेरिकेपर्यंत हजार जण दाखला देतील. नीरा डाव्या कालव्याखालच्या काळ्या चोपण मातीवर लिहिला तर कोण देणार? त्या मातीवर काम करणारी माणसंच मोजकी. म्हणजे काम जितकं आपल्या बांधाजवळचं, तितके दाखले कमी. मराठीत लिहिलेला लेख, मेळाव्यातलं भाषण, शेतात उभं राहून दिलेला सल्ला, हे तर त्या यंत्रात शून्य. आणि उसाचं नवं वाण काढलं तरी ते पेपरसारखं मोजलं जात नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत को ८६०३२ आणि फुले २६५ माहीत नाही असा ऊसवाला सापडणार नाही. ते काढणाऱ्यांचा एच-इंडेक्स किती, हे विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. फुले २६५ चोपणातही तग धरतो म्हणून माझ्यासारख्यानं तो लावलाय.

आता एक जुनी गोष्ट. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ तिथं आहे.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. दुष्काळी माळाला पाणी आलं, ऊस आला, पैसा आला. पंचवीस वर्षांत खालच्या पट्ट्यातली रानं पांढरी पडायला लागली. तेव्हा पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते हॅरॉल्ड मॅन. त्यांनी आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी या रानांचा अभ्यास केला आणि १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानं तो बुलेटिन म्हणून छापला. नावच ‘नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनी’ अशा अर्थाचं. त्याचा गाभा आजही कुठल्याही शेतकऱ्याला पटेल : कालव्याचं पाणी भसाभस दिलं, जमिनीखालचं पाणी वर आलं, त्याबरोबर क्षार वर आले, आणि पाण्याला बाहेर जायला वाट दिल्याशिवाय ते जाणार नाहीत. म्हणजे निचरा.

एकशे पंधरा वर्षं होऊन गेली. माझ्या पोरीनं कुंडीच्या भोकाचं सांगितलं ते हेच.

याच मॅनसाहेबांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास पुस्तकरूपात छापला. जमिनीचे तुकडे कसे पडतात, कर्ज किती, माणूस जगतो कसा, असा विषय. ते पुस्तक अभ्यासकांत गाजलं, अजूनही त्याचा दाखला निघतो. आणि नीरा खोऱ्याचं बुलेटिन? ते सरकारी खात्याचं छापील काम. आज ज्या मासिकांवरनं याद्या लागतात त्यांत ते बसतच नाही. चोपण जमिनीवर काम करणारे जाणकार त्याचं नाव घेतात, पण दोन टक्क्यांच्या हिशेबात ते नाही. एकाच माणसाची दोन कामं, आणि आमच्या दोन तालुक्यांच्या पोटाशी ज्याचा संबंध, ते मोजमापाच्या बाहेर.

पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचं. तिथल्या बसू आणि सिरूर या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये दख्खनच्या कालव्यांवरच्या जमिनींची प्रतवारी छापली. पलीकडच्या नीरा उजव्या कालव्याची आणि प्रवरेची रानं त्यात होती. कुठल्या मातीला किती पाणी सोसतं, हे त्यातनं कळायची सोय झाली. असलं काम सावकाश होतं आणि त्यावर टाळ्या पडत नाहीत.

माळेगाव, फलटण, शारदानगर

आजच्याकडं येऊ. माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, क्षार, ऊन, गारपीट असल्या गोष्टींनी पिकावर जो ताण येतो त्यावर काम करणारी ही केंद्राची संस्था. मुरमाड, खडकाळ माळावर ती उभी राहिली. तिथल्या शास्त्रज्ञांचे पेपर जगभरच्या मासिकांत येतात. पण आमच्या भागातल्या माणसाला ती संस्था आठवते ती मुरमावरच्या ड्रॅगन फ्रूटमुळं, आणि ऊसवाल्याला आठवावी ती खोडव्याच्या यंत्रामुळं. ‘सॉर्फ’ नाव त्या यंत्राचं. पाचट न जाळता, ट्रॅक्टरच्या एकाच फेरीत बुडखे जमिनीलगत छाटायचे, वरंब्याची बगल फोडायची, जुन्या मुळ्या तोडायच्या आणि खत मातीत पेरायचं. यावर त्यांचे पेपरही आहेत. आता या कामाचं माप काय लावायचं? पेपरला किती दाखले मिळाले हे एक माप. आपल्या गावात किती जणांनी पाचट पेटवायचं सोडलं हे दुसरं. दुसरं माप कुठल्याच साठ्यात मिळत नाही, ते काढायला बांधाबांधानं फिरावं लागतं.

दोन्ही मापांत बसलेलं उदाहरण शेजारीच आहे, फलटणला. निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर यांनी मेंढ्यांवर काम केलं. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची बारकी मेंढी आहे, तिच्यात जुळी कोकरं द्यायचा गुण आहे. फेक-बी नावाचं जनुक त्यामागं. तो गुण त्यांनी आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ तयार केली. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांची साथ होती. पेपर बाहेरच्या मासिकांत छापून आले आणि मेंढ्या आपल्या धनगर बांधवांच्या वाड्यात आल्या. तिथं नुसती जुळी झाली म्हणून भागत नाही, दोन कोकरांना आईचं दूध पुरतं का, कोकरं जगतात का, हे कळपात जाऊन मोजावं लागतं. ते मोजलं गेलं. मला विचाराल तर ‘दाखला’ देण्यासारखं काम हे.

आणि शारदानगर. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं ऑक्सफर्ड आणि मायक्रोसॉफ्टच्या साथीनं उसात एआय आणलं. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांनी त्याचं नाव जगापुढं घेतलं आणि बारामतीचा ऊस एका रात्रीत प्रसिद्ध झाला. जमिनीत सेन्सर, वर उपग्रह, मोबाईलवर सल्ला : आज पाणी सोडा, उद्या खत द्या. ‘कृषिक’ प्रदर्शनात तो ऊस लोकांनी डोळ्यांनी बघितला. राज्य सरकारनंही त्याच वर्षी शेतीतल्या एआयचं धोरण मंजूर केलं. आता कारखान्यांमार्फत सभासदांना त्यात घ्यायचं चाललंय, आणि त्यात शेतकऱ्याचाही वाटा आहे.

मी याच्या विरोधात नाही. पाणी मोजून दिलं तर चोपणाला फायदाच आहे, मॅनसाहेबांचंही म्हणणं तेच होतं. पण नाडेलांचं नाव हे सायटेशन नव्हे, ती प्रसिद्धी झाली. पैसे भरायच्या आधी गटाच्या बैठकीत सरळ विचारायचं : वाढ कशाच्या तुलनेत? शेजारच्या सऱ्या जुन्या पद्धतीच्या ठेवल्या होत्या का? माती भारी होती का हलकी? लागणीचा ऊस का खोडवा? किती शेतकऱ्यांच्या रानात, किती हंगाम? आणि ज्यांनी हे बनवलं त्यांच्याबाहेरच्या कुणी ते मोजून छापलंय का? यात कुणाचा अपमान होत नाही. चांगल्या शास्त्रज्ञाला असा प्रश्न विचारला की तो खुलतो, खुर्ची ओढून बसतो. मी बघितलंय.

मोबाईलवर कसं बघायचं

ज्यांच्याकडं मोबाईल आहे त्यांच्यासाठी. गुगल स्कॉलर उघडा, शास्त्रज्ञाचं नाव किंवा विषय टाका. पेपरच्या खाली दाखल्यांचा आकडा दिसतो. त्यावर बोट ठेवलं की कुणीकुणी दाखला दिला ती यादी येते. तीच नावं परत परत दिसली तर समजून घ्या. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर फुकट वाचायला मिळतात, आणि त्यात आपल्याच भागातल्या मातीवर, आपल्याच पिकावर केलेलं पुष्कळ काम पडून आहे. त्याला दाखला एकही नसेल, पण तुमच्या रानाला तेच लागू पडेल. इंग्रजी येत नसेल तर पोराबाळांना बसवा. सगळं वाचायची गरज नाही. प्रयोग कुठं झाला, कुंडीत का रानात, किती दिवस, पैसे कुणी दिले, एवढं बघितलं तरी बास. पैसे कुणी दिले ते बहुतेक पेपरात शेवटी बारीक अक्षरात असतं. मी तो कागद घेतला तेव्हा ती बारीक अक्षरं बघितली असती तर नऊ हजार वाचले असते.

माझ्या दीड एकराचं म्हणाल तर औषध बंद केलंय. माती तपासून घेतली. जिप्सम घालायचं आहे, ताग गाडायचा आहे, पण आधी चर. जिप्सम सोडियमला मातीपासनं सोडवतं, मात्र सुटलेला क्षार धुऊन बाहेर काढायला वाट लागते, नाहीतर तो तिथंच बसून राहतो. माझ्या रानातनं ओढ्यापर्यंत वाट काढायची तर मधे तिघांची रानं आहेत. एकाचा होकार आहे. दुसरे अण्णा म्हणतात, बांध फुटला तर जबाबदारी कुणाची? तिसरे पुण्याला असतात, फोन उचलत नाहीत. येत्या रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर बसायचं ठरलंय. पोरीनं १९१० च्या बुलेटिनातलं निचऱ्याचं म्हणणं मराठीत एका पानावर लिहून दिलंय, ते घेऊन जाणार आहे.